वाया गेलेले फोटो

फिक्रीच्या घरी शुक्रवारचं जेवण कधी कुणी गरम खाल्लं नाही. इन्साफ ताटं वाढायची, कोंबडीतून वाफा निघत असायच्या, शेवया घातलेला भात मोकळा मोकळा पडलेला असायचा, आणि नेमका तेव्हाच फिक्री गळ्यात रशियन कॅमेरा अडकवून खुर्चीवर चढायचा. "हलू नका! कुणीही हलायचं नाही!" मग तो उजेडाचा अंदाज घेणार, खिडकीचा पडदा सरकवणार, परत ओढणार, पाण्याचा जग डावीकडून उजवीकडे ठेवायला लावणार. नाईलकाठच्या झिफ्ता गावातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात अशा शेकडो शुक्रवारांचे फोटो आहेत. त्यातली माणसं समोरच्या ताटाकडे ज्या नजरेने बघतात तिला कलेशी काही देणंघेणं नाही. ती भुकेली माणसं आहेत, इतकंच.

पोटापाण्यासाठी फिक्री पाटबंधारे खात्यात कारकून होता. नाईलवरच्या बंधाऱ्याचं पाणी किती चढलं आणि किती उतरलं ते वरच्या कचेरीला कळवायचं, हे त्याचं काम. ते त्याने इमानाने केलं आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच दिवशी विसरून गेला. कॅमेरा मात्र त्याच्या जिवाचा तुकडा होता. लिबियात काम करून परतलेल्या एका सोबत्याकडून त्याने तो लग्नाआधी घेतला होता. फोटो बाहेर धुवायला टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या हातून घास खाणं, असं त्याचं मत. त्यामुळे घरातलं एकुलतं एक न्हाणीघर हीच त्याची प्रयोगशाळा. खिडकीला काळा कागद, वर लाल दिवा, टबावर आडवी फळी, आणि दाराला आतून कडी.

"अहो अबू नजला, निघा की बाहेर! जेवण गार होतंय!" इन्साफ दारावर थाप मारायची. अबू नजला म्हणजे नजलाचा बाप; लेक झाल्यापासून फिक्रीला सगळे याच नावाने हाक मारायचे.

"थांब! उजेड आला तर फोटो मरेल!"

"फोटो मरेल म्हणे! इथे तुमच्या पोरीला कधीची जायचंय आत, ती मरेल त्याचं काय?"

पाच-सहा हाका झाल्याशिवाय कडी निघाली असं एकदाही घडलं नाही. एकदा तर इन्साफची खास काचेची थाळी गायब झाली. तिच्यात ती पाहुण्यांसाठी मॅकरोनी भाजायची. सगळं घर पालथं घातल्यावर ती न्हाणीघरात सापडली, औषधाने भरलेली, आणि त्या औषधात नजलाच्या वाढदिवसाचा फोटो पोहत होता. इन्साफने कमरेवर हात ठेवले. "या थाळीला माझा तलाक," ती म्हणाली, "आता हिला तुम्हीच नांदवा." थाळी न्हाणीघरात राहिली ती कायमची.

फोटोच्या बाबतीत फिक्रीचे नियम कडक होते. केस विंचरलेले हवेत, तोंड मिटलेलं हवं, हात स्थिर हवेत. आणि या परीक्षेत इन्साफ दर खेपेला नापास. ती स्वयंपाकघरातून सगळ्यात शेवटी यायची, ओले हात कमरेच्या फडक्याला पुसत, आणि ती बसेपर्यंत याचा चाप दाबून झालेला असायचा. फोटोत बायको यायची ती कोपराच्या किंवा ओढणीच्या टोकाच्या रूपाने.

पण रोल छत्तीस फोटोंचा. एकही वाया घालवायचा नाही, आणि धुवायची घाई तर दांडगी. म्हणून शेवटचा एक फोटो राहिला की फिक्री न्हाणीघराकडे जाता जाता शेजारच्या स्वयंपाकघरात डोकावायचा, उजेड न बघता, डोळा न लावता, समोर जे असेल त्यावर चाप दाबायचा आणि ओरडायचा, "संपला रोल!"

"माझ्यावरच बरे संपतात तुमचे रोल," इन्साफ मान वर न करता म्हणायची.

ते फोटो त्याने कधी मोठे केले नाहीत. त्याच्या हिशेबी ते वाया गेलेले.

आता मुलुखियाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून घडलं. मुलुखिया म्हणजे हिरव्या पानांची पातळ, बुळबुळीत भाजी. पानं अगदी बारीक चिरायची, कोंबडीच्या रश्श्यात सोडायची, आणि शेवटी तुपात लसूण-धन्यांची फोडणी द्यायची. फोडणी पडते त्या क्षणी बाईने आ वासून, दचकल्यासारखा, मोठ्याने श्वास आत ओढायचा. हा शहका. तो नसेल तर मुलुखिया पडते. पडते म्हणजे पानं तळाला बसतात, वर हिरवं पाणी तरंगतं, आणि करणारीची लाज जाते. का, कसं, ते विचारू नये. झिफ्त्यात कुणी विचारत नाही.

फिक्री विचारायचा. पाण्याच्या खात्यात आयुष्य काढलेला माणूस. "अगं, पानं जड होतात म्हणून बुडतात. तुझ्या श्वासाने काय होणार?"

"तुम्ही बंधाऱ्यावर उभं राहून नाईलला शास्त्र शिकवा," इन्साफ म्हणायची. "माझ्या पातेल्यात नाक खुपसू नका."

आणि ती शहका घ्यायची. काय तो शहका! त्या इमारतीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या मनवरात उघडतात. मनवर म्हणजे इमारतीच्या पोटात तळापासून गच्चीपर्यंत सोडलेली पोकळी. उजेड जेमतेम येतो, आवाज मात्र भरपूर. इन्साफचा शहका तळमजल्यापासून गच्चीवरच्या कबुतरांपर्यंत ऐकू जायचा, आणि वरच्या मजल्यावरची उम्म वाएल, म्हणजे वाएलची आई, खिडकीतून ओरडायची, "पचो गं बाई! वास इथवर आला!"

गेल्या उन्हाळ्यात, मुलुखियाच्याच दिवसांत, इन्साफ दुपारी जरा पडते म्हणून आडवी झाली आणि उठली नाही.

चाळीसावा दिवस झाला, नातेवाईक पांगले, नजला शहरात, शुब्र्याला, आपल्या संसारात परतली, आणि फिक्रीला पहिल्यांदा कळलं की आपल्याला अंडं उकडण्यापलीकडे काही येत नाही. पाव आणि फूल, म्हणजे शिजवलेल्या घेवड्याच्या बिया, यांवर त्याचे दिवस निघू लागले. उम्म वाएल अधूनमधून मनवरातून दोरीला टोपली बांधून झाकलेली ताटली सोडायची. ताटली रिकामी परत करायची नसते, हे त्यालाही ठाऊक होतं. पण घालणार काय तिच्यात? मग तो जुन्या खोक्यांतून शोधून उम्म वाएलच्या पोरांचा एखादा फोटो काढायचा आणि ताटलीत ठेवून दोरी हलवायचा. वर्षभरात उम्म वाएलची एक भिंत भरली.

"ताटल्या अशाच सोडत राहिले तर माझं घर तुमचं संग्रहालय होईल हो," ती म्हणायची. पण सोडायची.

कॅमेरा त्याने हातात घेतला नव्हता. तो स्वयंपाकघरात फ्रिजवर पडून होता. आत रोल होता. त्यातले पस्तीस फोटो झालेले होते, शेवटच्या ईदचे, इन्साफ असतानाचे. एक राहिला होता. हत्ती गेला होता आणि शेपूट अडकलं होतं. नजला फोनवर दर वेळी विचारायची, "बाबा, आईचे ईदचे फोटो?" आणि तो दर वेळी सांगायचा, "रोल संपला नाही अजून." चाप दाबायला असा किती वेळ लागतो? पण शेवटचा फोटो इन्साफचा असायचा. स्वयंपाकघरात जाऊन रिकाम्या ओट्यावर तो वाया घालवायचा, हे त्याच्याने होईना. रोल संपला असं म्हणायलाही तोंड उघडेना. म्हणून रोल तसाच राहिला, आणि आत इन्साफही.

मग या उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती भानगड झाली. फिक्रीने चहा ठेवला, जुने फोटो चाळत बसला, चहा उतू जाऊन आच विझली आणि गॅस सुरूच राहिला. उम्म वाएलच्या नाकात वास गेला. ती धावत जिना उतरली आणि तिने दार जवळजवळ मोडलं. फिक्रीला काही झालं नाही. पण उम्म वाएल घरी जाऊन आधी पाणी प्यायली आणि मग तिने नजलाला फोन लावला.

नजलाचा फोन पाच मिनिटांत.

"बाबा, बस्स. शुक्रवारी येतेय, बॅग घेऊन. कपडे भरायचे आणि माझ्याबरोबर यायचं."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? चंद्रावर! आमच्याकडे. खोली रिकामी आहे, हिशामने स्वतःहून सांगितलंय."

"जावई भला माणूस आहे. पण मी इथे बरा आहे."

"बरे आहात? वाळून काडी झालात! फूल खाऊन जगताय, गॅस उघडा टाकताय. उद्या काही झालं तर लोक मला विचारतील, एकुलती एक लेक असून तू काय करत होतीस?"

फिक्रीने फोनची वायर बोटाला गुंडाळली. शुब्र्याच्या त्या खोलीत त्याचं काही वाईट होणार नव्हतं. पण तिथे न्हाणीघराच्या दारावर इन्साफची थाप पडलेली नव्हती. इथे सकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की क्षणभर अजून वाटायचं, ती ओट्याशी आहे. त्या क्षणासाठी तो रोज उठत होता. हे लेकीला फोनवर कसं सांगणार? त्याने दुसरंच काही सांगितलं.

"मी स्वयंपाक करतो आता."

पलीकडे नजला हसली, आईसारखी, नाकातून. "काय करता? अंडं?"

"मुलुखिया."

हे तोंडातून कसं निघालं ते त्यालाच कळलं नाही. भात म्हणाला असता तरी चाललं असतं.

"मुलुखिया," नजला म्हणाली. "ठीक आहे. शुक्रवारी येते. मुलुखिया खाते. माणसाने खावी अशी झाली, तर बॅग रिकामी परत नेते. पडली, तर तुम्ही बॅगेसकट माझ्याबरोबर. कबूल?"

"कबूल," फिक्री म्हणाला, आणि फोन ठेवून त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला.

उम्म वाएलला विचारायची सोय नव्हती. ती एका दमात सगळ्या इमारतीला सांगणार, आणि वर नजलालाही. मग त्याने विचारलं कुणाला, तर खोक्यांना. प्रत्येक रोल धुतल्यावर फिक्री आधी सगळे फोटो एकाच कागदावर टिकलीएवढे छापून बघायचा, कोणता मोठा करायचा ते ठरवायला. ते कागद त्याने जपून ठेवले होते. टेबलावर पसरून त्याने भिंग लावलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं. प्रत्येक कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तेच स्वयंपाकघर. तीच इन्साफ. कडेला कोपर म्हणून आलेली नव्हे, मधोमध, अख्खी.

इन्साफ पानं खुडताना. इन्साफ धुतलेली पानं खिडकीशी फडक्यावर पसरताना. इन्साफ मखरत्याने, म्हणजे त्या दोन मुठींच्या वाकड्या सुरीने, पानं चिरताना, सगळं अंग त्या लयीत पुढे झुकलेलं. कधी तरणी, नजला पोटात असलेली. कधी केस पिकलेली. फोटो हललेले, अंधारे, तिरपे. आणि कुठल्याही फोटोत मुलुखियाच्या पातेल्यावर झाकण नव्हतं.

फिक्री कागदामागून कागद बघत गेला. मेजावरचे शेकडो फोटो त्याने नीट जुळवून काढले होते, आणि बायको मात्र या वाया घालवलेल्या चौकोनांत राहिली होती. त्याला स्वतःचा राग आला. चांगला तास-दोन तास आला. मग त्याने डोळे पुसले आणि भिंग पुन्हा लावलं, कारण शुक्रवार जवळ येत होता.

एका कोपऱ्यात एक चित्र होतं ते त्याला आठवत होतं. इन्साफच्या हातात फोडणीचं भांडं, डोळे मिटलेले, तोंड वासलेलं. तेव्हा त्याने त्यावर तिरपी रेघ मारून टाकली होती. आता कळलं, हा तर शहका आहे.

बुधवारी त्याने पहिली मुलुखिया केली. मखरत्याने अंगठ्याचं थोडं चामडं चिरलं, पानं बारीक कमी आणि चेंदामेंदा जास्त झाली, आणि भाजी रटारटा उकळली. फोडणी टाकून तो आशेने बघत राहिला. पानं शांतपणे खाली गेली.

मनवरातून आवाज आला. "अबू नजला! हा फोडणीचा वास तुमच्याकडूनच ना?"

फिक्रीने हळूच गॅस बंद केला.

"वास आला, पण शहका नाही ऐकला! शहक्याशिवाय टाकलीत? अहो, पडली असणार!"

"शास्त्राप्रमाणे," फिक्री खिडकीतून म्हणाला, "पानं जास्त उकळली म्हणून—"

"शास्त्राला घाला चुलीत! घ्या की शहका, कोण बघतंय?"

कोण बघतंय! अख्खं मनवर कान लावून बसलंय आणि म्हणे कोण बघतंय. तळमजल्यावरून कुणीतरी खिदळलं. निवृत्त सरकारी नोकर, नातवंडांचा आजोबा, त्याने बायकांसारखं हीईई करून दचकायचं? फिक्रीने खिडकी लावून घेतली. गुरुवारी पुन्हा केली, या वेळी मंद आचेवर, फोटोतल्यासारखी. बरी झाली. पण शेवटी थोडी बसलीच. शहका त्याने त्याही दिवशी घेतला नाही. लाज होती, हे खरं. पण लाजेच्या मागे आणखी एक गोष्ट होती आणि ती त्याला गुरुवारी फोडणीचं भांडं हातात असताना कळली. या घरात शहका इन्साफ घ्यायची. आपण घेतला, म्हणजे ती आता घेणार नाही हे ठरलं.

शुक्रवारी नमाज संपता संपता नजला आली. सोबत तपकिरी बॅग. एवढी मोठी की हिशाम हजला जाताना नेईल. ती तिने दारातच उभी केली, जणू ती पाहुणी आहे आणि बसण्याची वाट बघतेय.

"वास तर येतोय," नजला म्हणाली.

"तू बस. स्वयंपाकघरात येऊ नकोस."

"का? उम्म वाएलने टोपलीतून सोडलीय आणि तुम्ही गरम करताय, असं तर नाही?"

"नजले!"

"बरं बरं. गंमत केली."

ती बसली नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, आईच्या स्वयंपाकघरात बाप फडकं बांधून उभा आहे हे बघत. भात झाला होता, शेवया जरा करपलेल्या. कोंबडी ताटलीत काढून ठेवली होती. रस्सा मंद आचेवर होता आणि त्याने त्यात पानं सोडली, पळीने हलकेच फिरवली. झाकण नाही. नजला ते सगळं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरची चेष्टा हळूहळू उतरत होती. फडक्यावर पसरलेली पानं, मखरता धुऊन खिडकीत ठेवायची रीत, लसूण ठेचताना मुठीवर दुसरा हात. हे सगळं आईचं होतं. ते याने कधी बघितलं? हा तर कायम न्हाणीघरात.

"बाबा, हे कुणी शिकवलं?"

"तिनेच," फिक्री म्हणाला. आणि पळी पुन्हा फिरवली.

नजलाची नजर फ्रिजवर गेली. तिने कॅमेरा उचलला आणि पुसला. "अजून तसाच?"

"एक राहिलाय."

"इतके दिवस? एक?"

"शेवटचा तिचा असायचा," फिक्री म्हणाला. त्याने हे पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. नजलाने कॅमेरा परत ठेवला नाही.

तूप तापलं. लसूण पडला, वर धने. वास सुटला तसा मनवरात एकेक खिडकी उघडल्याचा आवाज झाला. उम्म वाएल तर केव्हाची तयारच होती. लसूण सोनेरी झाला. फिक्रीने फोडणीचं भांडं उचललं, पातेल्यावर धरलं, आणि थांबला.

पलीकडे लेक, दारात बॅग. तोंड उघडेना. लसूण सोनेरीचा तांबूस व्हायला लागला.

"अबू नजला!" वरून उम्म वाएल. या वेळी आवाजात चेष्टा नव्हती. "लसूण करपतोय. घ्या. तिची शपथ आहे, घ्या."

फोडणी पडली, चर्रर्र झालं, आणि फिक्रीने श्वास आत ओढला. लाजत, बेतशीर घ्यायचा असं त्याच्या मनात होतं. पण जो निघाला तो वर्षभर छातीत कुठे अडकून बसला होता कोण जाणे. हीईईई! मोठा, फाटका, रडक्या माणसाचा. मनवरातून तो वर गेला आणि गच्चीवरची कबुतरं फडफडून उडाली.

त्याच आवाजात कॅमेऱ्याची खट् झाली.

वरून उम्म वाएल म्हणाली, "पचो, अबू नजला." तळमजल्यावरून कुणीतरी म्हणालं, "पचो." या वेळी कुणीही खिदळलं नाही.

"संपला रोल," नजला म्हणाली आणि तिने कॅमेरा छातीशी धरला. तिचे गाल ओले होते.

जेवायला बसली दोघं. फिक्रीने वाडग्यात मुलुखिया वाढली आणि वाडगं मेजावर ठेवलं. ठेवता ठेवताच त्याने पाहिलं. कडेने हिरवं पाणी सुटायला लागलं होतं. पानं हळूहळू, सभ्यपणे, खाली निघाली होती. एवढा शहका घेऊनसुद्धा! शास्त्र जिंकलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा फिक्रीला शास्त्राचा आनंद झाला नाही.

तेवढ्यात नजलाने पळी उचलली आणि वाडगं तळापासून झरझर ढवळलं. सगळं पुन्हा हिरवंगार, एकजीव. तिने भातावर ओतून घेतलं, पावाचा तुकडा मोडला, खाल्ला.

"पडली का गं?" फिक्रीने विचारलं.

"कोण म्हणतं?" नजला मान वर न करता म्हणाली. "वाढा अजून."

तिने तीनदा वाढून घेतलं. दर वेळी आधी ढवळलं. फिक्री लेकीच्या हाताकडे बघत राहिला आणि त्याला कळलं की आपण बघतोय हेही तिला कळतंय. उरलेल्यातली एक ताटली भरून त्याने उम्म वाएलच्या टोपलीत ठेवली आणि दोरी हलवली. टोपली वर गेली, आणि चव घेऊन उम्म वाएल म्हणाली, "फोटोपेक्षा हे बरं."

निघताना नजलाने बॅग उघडली. तिने आत त्याची हिवाळी पांघरुणं कोंबली, दोन पडदे कोंबले आणि चेन ओढली.

"रिकामी नेली तर हिशाम हसेल," ती म्हणाली. "धुऊन पुढच्या शुक्रवारी आणते. आणि गॅसचं बटण जेवल्यावर, चहा झाल्यावर, झोपताना बघायचं. उम्म वाएल विचारणार आहे रोज, मी सांगून ठेवलंय."

"ती विचारणार हे सांगायला नको."

"आणि पुढच्या वेळी उकळू देऊ नका," जिन्यावरून नजलाचा आवाज आला.

पुढच्या शुक्रवारी ती हिशामला आणि मुलांना घेऊन आली. तेव्हा फिक्री न्हाणीघरात होता. खिडकीला काळा कागद, वर लाल दिवा, टबावर फळी, फळीवर ती तलाक दिलेली काचेची थाळी. एकेक कागद औषधात सोडावा आणि बघत राहावं. इन्साफ ईदची बिस्किटं भाजून काढताना, त्याच्यावर डोळे वटारताना. इन्साफचं कोपर. इन्साफची ओढणी. दोरीवर एकेक लागत गेलं. मग त्याने शेवटचा फोटो घातला. पांढऱ्या कागदावर आधी भांडं आलं, मग हात, हललेला, मग एका म्हाताऱ्याचा चेहरा. डोळे मिटलेले, केस विस्कटलेले, तोंड वासलेलं. त्याच्या नियमांपैकी एकही पाळलेला नाही. असा फोटो त्याने आयुष्यभर वाया गेलेल्यांत टाकला असता. त्याने तो पुरा धुतला, दोरीवर इन्साफशेजारी लावला आणि दुसरी प्रत थाळीत सोडली. नजलाला द्यायला.

दारावर थाप पडली. तशीच, हाताच्या तळव्याने.

"बाबा, निघा की बाहेर! जेवण गार होतंय!"

दुसऱ्या प्रतीवर आता कुठे भांडं उमटत होतं. उजेड आला की ती काळी पडणार होती. पडो. परत काढता येईल. फिक्रीने पहिल्याच हाकेला कडी काढली.